हँडलवरचा हात

खाणीत पाणी शिरले आणि काही कामगार आत अडकले. त्यांत तिचा नवरा होता. ते वरच्या बोगद्यात होते की खालच्या, हे कळल्याखेरीज सुटकेचे छिद्र कुठे पाडायचे ते ठरत नव्हते. छिद्र पाडणारे यंत्र एकच होते.

प्रत्येक बोगद्यात हाताने फिरवायचा ट्रान्समीटर असे. हँडल फिरले की खडकातून संथ ठोके वर येत, आणि दोन्ही बोगद्यांच्या ठोक्यांची ठेवण वेगळी असे. ती खाणीबाहेरच्या खोलीत रिसीव्हरपुढे बसली होती. बटण फिरवून रिसीव्हरची लय एकदा ठोक्यांशी जुळवली, की गोंगाटातही तो ती धरून ठेवी; सुटली, तरी थोडा वेळ ती पुन्हा पकडता येई. पहिली जुळणी मात्र शांततेतच होई. आणि शेजारी पंपाची मोटर धडधडत होती.

पंपावर तिचे सासरे होते.

"मामंजी, पंप बंद करा."

"डोकं ठिकाणावर आहे का, सूनबाई? पाणी चढेल."

"हा चालू असेपर्यंत मला काही सापडायचं नाही."

"एरवी तरी तुझ्या डबड्याला काय सापडतं? परवा मी पंखा लावला, तर त्यालाच माणूस समजलं ते!"

"म्हणून तर म्हणते."

त्यांनी खटका खाली ओढला.

शांतता अंगावर आली. खाणीच्या तोंडातून खाली दिसणाऱ्या भिंतीवर पाणी मोजायला रंगवलेली एक पट्टी पाण्याखाली गेली. लय जुळल्याचे दाखवणारा रिसीव्हरचा दिवा लागला, विझला.

"मिळालं?"

"थांबा. चुकीचं काही धरलं तर छिद्र भलतीकडे जाईल."

"अगं, लेक आहे माझा खाली!"

"आणि माझा तो कुणीच नाही?"

पुढची पट्टी बुडाली. दिवा पुन्हा लागला आणि या वेळी टिकला.

"खालचा बोगदा! लावा पंप!"

पंप पहिल्या खेपेस नुसताच गुरगुरला. दुसऱ्या खेपेस चालू झाला. दिवा थरथरला, पण विझला नाही. बाहेर छिद्राचे यंत्र खालच्या बोगद्याच्या खुणेकडे सरकले. पण छिद्र पडेपर्यंत माणसे तिथेच आहेत की हलली, हे ठोक्यांवरूनच कळणार होते.

तेवढ्यात ठोके मंदावू लागले. हँडल फिरवणारा दमत होता. त्याच्या मागोमाग ती बटण हलकेच मागे, संथ लयीकडे, फिरवीत राहिली. आता लय कायमची सुटली असती, तर पंप पुन्हा बंद करण्याइतकी जागा पाण्याने ठेवली नव्हती. दोन ठोक्यांमधले अंतर वाढत गेले. ती त्याच अंतराने श्वास घेत होती.

दिवा विझला.

सासरे दारात येऊन उभे राहिले. तिने बटण आणखी मागे फिरवले. काही नाही. आणखी मागे. काहीच नाही. मग एकाएकी काय वाटले कोण जाणे, तिने ते झर्रकन उलट, पुढे फिरवले.

दिवा लागला. ठोके जलद होते, थोडे ओबडधोबड, ताज्या दमाचे.

"हात बदलला," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणीतरी हँडल घेतलंय."

"म्हणजे दोघं तरी आहेत." सासऱ्यांनी चौकट घट्ट धरली. "आणि पहिला?"

ठोके पुन्हा किंचित मंदावले होते. तिने बटण केसभर मागे घेतले.