पितळी सूक्ष्मदर्शकाने उगवलेला सूड

मित्रांनो, मी एक म्हातारा, पितळी आणि अत्यंत खुनशी सूक्ष्मदर्शक आहे. मुलुंडच्या एका खासगी शाळेच्या प्रयोगशाळेत राहतो. कुणी म्हणेल, एवढासा यंत्राचा तुकडा, त्याला कसला आलाय राग? अहो, कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी मी चारशे पट मोठी करून दाखवतो. अपमान मला किती मोठा दिसत असेल, याचा तुम्हीच हिशोब करा!

तरुणपणी माझा फार थाट होता. घडवणाऱ्या कारागिराने माझ्या भिंगांवर जीव ओतला होता. मुलं माझ्यासमोर रांग लावायची. पुढे शाळेत पांढरेशुभ्र नवे सूक्ष्मदर्शक आले आणि मला बेसिनशेजारच्या खिडकीत बसवलं. माझा बारीक फिरकीचा स्क्रू ढिला झाला होता. नळी हळूहळू खाली सरकायची. दुरुस्तीला कोण नेतो? फक्त पाहुणे यायचे असले, की मला चिंचेने घासून दर्शनी टेबलावर मांडायचे. मुख्याध्यापक नंदकिशोर सर छाती फुगवून सांगायचे, "हा आमच्या शाळेचा वारसा!" एरवी माझ्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत.

पण माझं दुःख बाजूला ठेवा. त्या खिडकीतून मला जे दिसलं, ते ऐका.

आठवीच्या वर्गात सतरा मुलं आरटीईची होती. म्हणजे कायद्याने राखून ठेवलेल्या जागांवर, फी न भरता शिकणारी. विज्ञानाच्या पद्मजा मॅडमनी प्रयोगाचे गट पाडले. नवे सूक्ष्मदर्शक सगळे फी भरणाऱ्या मुलांच्या गटांना. ही सतरा जणं मागे भिंतीला उभी. "तुम्ही फळ्यावरची आकृती उतरवून घ्या. हात लावू नका. मोडलं तर तुमच्या घरचे भरून देणार आहेत का?" मॅडम हे अगदी गोड आवाजात बोलायच्या. माझ्या पितळेला नुसता कढ यायचा!

त्या सतरा जणांत दिशा होती. तिची आई शकुमावशी याच शाळेत झाडलोट करायची. मालवणाकडची बाई, सासरे काशीराम गिरणीत राबलेले, तोंडाने फटकळ आणि हाताला कामाची. शाळा सुटली की ती प्रयोगशाळा पुसायला यायची आणि आईसोबत घरी जायचं म्हणून दिशा थांबायची. एकदा मला पुसता पुसता शकुमावशी म्हणाली, "बघ गो, काय दिसता ता. पटकन बघ, कोण येऊच्या आधी."

दिशाने डोळा लावला. बेसिनजवळ टाकून दिलेली कांद्याच्या पापुद्र्याची एक काचपट्टी तिने माझ्याखाली ठेवली होती. नळी सरकायला लागली, तशी तिने अंगठ्याने खालून मला अलगद आधार दिला. एवढ्या वर्षांत कुणालाही हे सुचलं नव्हतं! मी माझी सगळी ताकद पणाला लावली. विटांसारख्या रचलेल्या पेशी, प्रत्येकीत एक केंद्रक, आणि मधोमध काळ्या कडेचा एक गोल. "आई, हा हवेचा बुडबुडा असणार!" पोरगी आनंदाने उड्या मारायला लागली. मग वहीत तिने जसं दिसलं तसं काढलं, बुडबुड्यासकट.

मॅडमनी वही तपासली आणि आकृतीवर तांबडी फुली मारली. खाली लिहिलं, 'तुझ्या गटाला सूक्ष्मदर्शक दिलेला नव्हता. हे निरीक्षण खोटे आहे.' शिवाय शून्य गुण. वर सगळ्यांदेखत सुनावलं, "सोमवारी वर्गासमोर उभं राहून कबूल करायचं, मी पुस्तकातून चोरलं. नाहीतर तुझ्या आईला बोलवून दाखलाच हातात देते."

दिशा करणार तरी काय? खरं सांगितलं तर आईची नोकरी जाणार. खोटं कबूल केलं तर आयुष्यभर चोर. त्या दिवशी ती माझ्यापाशी आली आणि माझ्या बैठकीवर कपाळ टेकून रडली. मी ठरवलं, या मॅडमना सोडायचं नाही.

संधी शनिवारीच चालून आली. तपासणीला शिक्षण खात्याच्या सुनंदाताई आल्या. मला टेबलावर मांडलं होतं. सतरा मुलांना त्या एका दिवसापुरतं सगळ्या गटांत दोन-तीन करून पेरलं होतं. सुनंदाताई माझ्याकडे वळल्या. "वा! अशाच यंत्रावर मी शिकले. दाखवा बघू काहीतरी."

मॅडमनी पट्टी लावली, फिरकी फिरवली. मी आलो खाली. पुन्हा फिरवली. पुन्हा खाली! निहार नावाचा हुशार मुलगा पुढे आला, त्यालाही मी धुकंच दाखवलं. नंदकिशोर सरांना घाम फुटला. काय सांगू मित्रांनो, इतकी मजा मला तरुणपणीही आली नव्हती.

"कुणालाच येत नाही का?" सुनंदाताईंनी विचारलं.

दिशा जागची हलली नाही. दारात केरसुणी घेऊन उभी असलेली शकुमावशी मात्र उसळली. "माझ्या चेडवाक येता! माझ्या पोरीला येतं, बाई. दिशा, जा पुढे."

"शकु, तू बाहेर हो," सर दातओठ खात म्हणाले.

"नाय होणार. मी दाखवलंय तिला. काढायचं तर काढा मला."

दिशाने अंगठा लावला. मी आरशासारखा लख्ख झालो. सुनंदाताईंनी पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या, "छान! तुझी वही आण."

तिने आईकडे पाहिलं. आईने होकारार्थी मान हलवली. वही उघडली गेली.

"हा बुडबुडा फळ्यावर कुणी काढत नाही. ज्याने स्वतः पाहिलंय तोच काढतो," सुनंदाताई म्हणाल्या. मग त्यांनी तांबडी शाई मोठ्याने वाचली. "तुझ्या गटाला सूक्ष्मदर्शक दिलेला नव्हता... मॅडम, का दिला नव्हता?"

आता नाकारणार कसं? स्वतःच्याच हाताने लिहून, वर सही करून ठेवलं होतं ना! बाकीच्या सोळा वह्याही निघाल्या. सगळ्यांत फळ्यावरची तीच आकृती. सुनंदाताईंनी पानांचे फोटो काढले, शकुमावशीचं नाव लिहून घेतलं आणि बजावलं, "या बाईंच्या नोकरीला धक्का लागला, तर मी पुन्हा येईन. आणि सोमवारपासून सगळे गट मिसळलेले हवेत."

ताई गेल्यावर मॅडम घाईघाईने व्हाइटनर घेऊन आल्या. "दे गं वही, चुकून लिहिलं गेलं. पूर्ण मार्क देते."

मित्रांनो, आता सतरा मुलांचे हात माझ्यावर फिरतात. स्क्रू आणखी ढिला झालाय, पितळ काळवंडलंय. मला जपून कपाटात ठेवा असं मी मुळीच म्हणणार नाही. मला वापरा, झिजवा, पण कुणालाही भिंतीला उभं करू नका. मी क्षमा करणाऱ्यांपैकी नाही.

आणि दिशाही नाही. त्या दिवशी व्हाइटनर बघून तिने वही छातीशी घट्ट धरली आणि म्हणाली, "मार्क द्या मॅडम. पण ते खोडायचं नाही. राहू दे तसंच."

मॅडमनी त्याच तांबड्या पेनाने, त्याच फुलीशेजारी, दहापैकी दहा लिहिले.