घरगल्लीची हद्द

“दान करायचं तर देवळात करा. गटारात कशलं दान करताय?”

दोन खोल्यांमधल्या फळीपलीकडून शेजारचा कुशाबा पुटपुटत होता. पुटपुटणं त्याचं, ऐकणं आमच्या सगळ्या मजल्याचं. ‘कसलं’चं ‘कशलं’ व्हायचं कारण, त्याची दातांची कवळी दिवाळीपासून नाहीशी झाली होती. समोरच्या चाळीच्या मांजरानं पळवली असं तो देवाशपथ सांगायचा. मोर्चात मात्र पुढं असायचा. “शंयुक्त महाराष्ट्र झालाच पायजे!” म्हणून असा ओरडायचा, की शेजारची माणसं ओली व्हायची.

त्याची पोरगी बकुळा, एकोणीस वर्षांची. तिनं ठरवलं होतं, की दोन्ही चाळींच्या पोरापोरींचं मंडळ काढून घरगल्ली साफ करायची. घरगल्ली म्हणजे दोन चाळींच्या पाठींमधली अरुंद बोळकंडी. मागच्या खिडक्यांतून जे जे पडतं, ते तिच्या पोटात जातं.

“श्रमदान आहे, आबा,” बकुळा म्हणाली.

“रविवारी दुपारपतोर गल्ली शाफ झाली तर तुझं मंडळ चालू दे. न्हाय तर चैतात आत्याकडं गावाला. तितं जन्मभर शेणाचं श्रमदान कर!”

बकुळानं पाटी घेतली आणि गिरणीच्या पाळ्या बघून कोण कधी मोकळा ते घरोघर लिहून घेतलं. तोवर आमच्याच चाळीतल्या जयवंतानं सभा बोलावून मंडळाच्या नेमणुका केल्या. अकरा जण जमले, त्यांत नऊ पदाधिकारी, एक सल्लागार आणि फावडं धरायला बकुळा.

रविवारी समोरच्या चाळीतली सोनूबाई पदराखाली सुपात तांदूळ घेऊन आली.

“ह्यां काय, मावशी?” जयवंतानं तिच्याच बोलीत विचारलं.

“दान म्हटलास म्हणान तांदूळ हाडलंय. बामण खय हा?”

बामण नाही म्हटल्यावर ती सूप कमरेला टेकवून तिथंच उभी राहिली. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

कामाला हात लागायच्या आधीच हद्दीचा प्रश्न निघाला. जयवंत म्हणाला, मधल्या गटारापर्यंत आमचं, पलीकडं तुमचं. समोरची पोरं म्हणाली, गटार तुमच्याकडं सरकलंय. सोनूबाई म्हणाली, “आमी खिडकीतसून कायच टाकणा नाय. सगळा तुमचाच.” आमच्या खिडक्यांतून उत्तर गेलं, की माशाचे काटे काय आभाळातून पडले?

मला हसू आवरेना. आठवडाभर हीच माणसं बेळगाव आपलं, कारवार आपलं, निपाणी आपली म्हणून घसा फोडत होती. अन् हातभर बोळकंडी? ती समोरच्यांची.

जयवंतानं खडूनं सीमा आखायला घेतली. ओल्या फरशीवर खडू विरघळला. पहिल्या पाळीचे, दुसऱ्या पाळीचे, सगळ्यांनी हात बांधले. दहा वाजले. बकुळा पदर खोचून गल्लीत उतरली आणि एकटीच फावडं मारायला लागली. तिचे कान लाल झालेले मला वरून दिसत होते.

पाचव्या फावड्याला काहीतरी खडखडलं. तिनं काठीनं उचललं, नळाखाली धुतलं अन् वर धरलं.

गुलाबी हिरड्या, वरची पूर्ण रांग.

“ही कुणाची?” तिनं विचारलं.

दोन्ही चाळींत मिळून कवळीवाला माणूस एकच होता. ती सापडली होती ती नेमकी त्याच्या खिडकीखाली. पण बोलणार कोण? जयवंत खडू निरखत राहिला. सोनूबाईनं सुपातले खडे वेचायला घेतले. मी आत सरकले. त्याच ढिगात सकाळचा माझा चहाचा चोथा होता.

मांजर तेवढं समोरच्या पत्र्यावर बसून बघत होतं.

फळीपलीकडं खाट करकरली. मग जिना वाजला. कुशाबा गल्लीच्या तोंडाशी आला, धोतर गुडघ्यावर घेतलं, लेकीच्या हातातली कवळी घेतली, सदऱ्याला पुसली आणि खिशात टाकली.

“रातीची पेल्यात ठिवली हुती. शकाळी पेल्यातलं पानी भिरकावलं, त्यात गेली. मांजराचा काय बी दोश न्हाई.”

त्यानं दोन्हीकडच्या खिडक्यांकडं वर बघितलं.

“ही घाण माझी हाय. रोज म्याच टाकतो. फावडं दे हिकडं, बकुळे, दुपार व्हायला अजून येळ हाय.”