कान कापू की ठेवू?

मी एक जुनी फळी आहे आणि मित्रांनो, आमच्या गल्लीतले एकही मूल माझ्यावर बसल्याशिवाय मोठे झालेले नाही. ही फुशारकी नाही, खरे तेच सांगते.

एका सुताराने कपाट केले, त्यातून मी उरले. न्हावीकाकांनी मला मागून आणले, कडा घासून घेतल्या आणि वर लाल रेक्झिनची गादी ठोकली. खुर्चीच्या दोन्ही हातांवर मला आडवी ठेवायची आणि माझ्यावर मुलाला बसवायचे, म्हणजे त्याचे डोके आरशात दिसते. माझ्यावर कोणी भोकाड पसरले, कोणी लाथा झाडल्या, एकाने तर गादीवर शू केली. मी सगळे पोटात घातले.

काकांची कात्री थांबेल, तोंड थांबणार नाही. कात्री वाजवत ते प्रत्येक मुलाला विचारत, "कान कापू की ठेवू?" मुले दोन्ही कान गच्च धरून ओरडत, "ठेवा!" पंधरा वर्षे हाच विनोद चालला होता.

एक मुलगी इतकी चुळबुळी, की काकांनी तिचे नावच भिंगरी ठेवले. पुढे तिचे आईबाबा कामासाठी परगावी गेले आणि तिला आमच्या दुकानाशेजारी राहणाऱ्या मामाकडे ठेवून गेले. मामा घड्याळे दुरुस्त करायचा. माणूस गोड बोलणारा. आमच्या भिंतीवरचे बंद घड्याळ त्यानेच फुकटात चालू करून दिले होते.

त्यानंतर भिंगरी आली ती मुकाट बसली. माझी गादी कुरकुरलीसुद्धा नाही. काकांना तिच्या मानेवर निळा डाग दिसला. "पडली," मामा म्हणाला. दोन महिन्यांनी कानामागे दुसरा. "परत पडली. धांदरट आहे नुसती."

तिसऱ्या खेपेला मामा दाराबाहेर कोणाशी तरी बोलत उभा होता. तिला हसवायला काकांनी कात्री वाजवली. "काय बाईसाहेब, कान कापू की ठेवू?"

भिंगरीने डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी माझी कड धरली. "कापा," ती हळूच म्हणाली. "मी रडणार नाही."

त्या दिवशी काकांनी तीन दाढ्या एक शब्द न बोलता केल्या. एका गिऱ्हाइकाने घसा बसलाय का म्हणून विचारले. दुपारी काकू डबा घेऊन आल्या, तर काका माझ्यावर बोटे वाजवत बसलेले.

"बारा वर्षांचा शेजार आहे," ते म्हणाले. "माझीच चूक निघाली, तर कोणत्या तोंडाने त्याच्यासमोर उभा राहू?"

"चूक निघाली तर माफी मागू. मीही येते सोबत," काकू म्हणाल्या. "पण खरं निघालं आणि आपण गप्प बसलो, तर त्या पोरीला काय सांगाल?"

काकांनी डबा तसाच ठेवला आणि मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. त्यांचा फोन असा खणखणीत, की मलाही सगळे ऐकू येते. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "खरंखोटं आम्ही शोधू. तुम्ही पाहिलं, ऐकलं तेवढं सांगा." काकांनी डाग सांगितले, आठवतील तसे दिवस सांगितले. कानांचे सांगताना मात्र त्यांना रडू आले.

चौकशीला माणसे आली, डॉक्टरांनी भिंगरीला तपासले, आणि संशय खरा निघाला. तिची आई मिळेल त्या गाडीने आली आणि लेकीला घेऊन गेली. घड्याळाचे दुकान बंद झाले. घरच्या भानगडीत हा कशाला पडला, म्हणून काहींनी नाके मुरडली, दोन गिऱ्हाइके तुटली. काकांनी कोणाशी हुज्जत घातली नाही.

पुढे दुकानात नवी खुर्ची आली, पायाने दाबली की वर जाणारी. मी कोपऱ्यात, टॉवेलांच्या टोपलीखाली गेले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

आणि गेल्या आठवड्यात आईचा हात ओढत एक मुलगी आत शिरली. "मला ती लाल फळीच हवी," म्हणाली. बसल्याबसल्या तिने टाचा आपटल्या, मान वाकडी केली, केस नाकात गेले म्हणून तक्रार केली. काका गुपचूप केस कापत राहिले. त्यांना काही विचारायचा धीर होईना. शेवटी तीच आरशातून म्हणाली, "काका, कानांचं विचारायचं राहिलं."

काका खाकरले. "कापू की ठेवू?"

"तुमचे कापा!" भिंगरी म्हणाली आणि इतकी हसली, की माझा एक खिळा निघाला.

तो खिळा अजून ठोकलेला नाही, मित्रांनो. जमले तर काकांना आठवण करून द्या. आणि तुमच्या ओळखीचे एखादे मूल एकाएकी फार शहाण्यासारखे बसू लागले, किंवा तुम्हालाच कोणी दुखवत असेल, तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. मुलांनी चुळबुळ करायलाच हवी. खिळे काय, पुन्हा ठोकता येतात.