तिच्या नावापुढे एक

दर निवडणुकीला ऑरिन थेयर आणि मी एकाच गाडीतून मत द्यायला जातो. तो हत्तीचं चिन्ह असलेल्या पक्षाचा, हत्तीवाल्यांचा, मी गाढववाल्यांचा. त्याचं मत माझं खोडतं, माझं त्याचं. त्याची बायको लोर्ना जिवंत असताना म्हणायची, "दोघंही घरी बसा, पेट्रोल तरी वाचेल." ती स्वतः हत्तीवाल्यांसाठी बर्फातून घरोघर फिरायची. आम्ही मात्र जायचोच. त्या दिवशी नगरभवनात चर्चच्या बायका रात्रभर शिजवलेल्या गोड बीन्स आणि पाव ठेवतात.

यंदा राष्ट्राध्यक्षपदासाठी दोन्ही पक्षांनी उभ्या केलेल्यांपैकी कुणाचंही नाव निघालं की आम्ही दोघंही रेडिओ बंद करायचो.

ऑक्टोबरात लाकडं रचताना मी म्हटलं, "ती तिसऱ्या पक्षाची बाई उभी आहे ना, दोघंही तिलाच देऊ. तुमचं एक कमी, आमचं एक कमी. नुकसान कुणाचंच नाही."

"ती येणार नाही निवडून."

"आपण आजवर कुणाला निवडून आणलंय? नुसते खोडतोय."

"आणि आत जाऊन तू गाढवावर खूण केलीस तर?"

"मग माझ्याशी बोलू नकोस."

"एवढं सुख माझ्या नशिबी कुठलं," तो म्हणाला आणि हातमोजा काढून त्याने हात पुढे केला.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती वैतागली. "बाबा, तो आत जाऊन स्वतःच्याच पक्षाच्या माणसाला मत देईल. मग तुमचं मत वाया गेलं म्हणजे त्यालाच मिळाल्यासारखं."

"ऑरिन तसा नाही," मी म्हटलं. पण त्या दिवसापासून मी त्याचा चेहरा न्याहाळायला लागलो.

मतदानाच्या दिवशी पडद्याआड मला वेळ लागला, मी अजून बोट ठेवून वाचतो. तिसऱ्या पक्षाच्या बाईच्या नावापुढचा गोल नीट भरला. बाहेर आलो तर ऑरिन अजून आतच होता. तो भराभर वाचणारा माणूस.

आमच्याकडे मतं हातानेच मोजतात, सगळ्यांसमोर. प्रत्येक टेबलावर एक त्यांचा, एक आमचा. एरवी आम्ही खाऊन निघतो. या वेळी 'चल' कुणीच म्हणालं नाही. बाकावर बसून राहिलो.

शेवटी मतमोजणी बघणाऱ्या मिसेस फिलब्रिक आकडे वाचायला उभ्या राहिल्या. हत्तीचे वाचले, गाढवाचे वाचले. मग तिसरीचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "एक."

ते एक कुणाचं हे मला माहीत होतं. ऑरिन रिकामी ताटली चमच्याने खरवडत होता. मी कोट चढवायला घेतला.

"आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी कोरी मतपत्रिका, एक."

चमच्याचा आवाज थांबला.

गाडीत बसल्यावर त्याने इंजिन सुरू केलं नाही. "तिच्या नावापाशी पेन नेलं होतं," तो म्हणाला. "टेकवेना. लोर्ना शेजारी उभी आहे असं वाटत राहिलं."

"मग हत्तीवर करायचीस खूण."

"तुला शब्द दिला होता."

"शब्द तिला मत द्यायचा होता, ऑरिन."

"हो. अर्धाच पाळला."

मला राग आला होता, पण तो काढायचं त्राण नव्हतं. ती निवडून यावी अशी माझी कधीच अपेक्षा नव्हती. फक्त तिच्या नावापुढे दोन यावेत एवढंच होतं. एक म्हणजे कुणाचा तरी हात चुकला असं वाटतं. दोन असले की कुणीतरी ठरवून दिलंय हे कळतं.

"त्या दोघांना तर आपलं काही मिळालं नाही," तो म्हणाला.

"नाही मिळालं."

त्याने गाडी सुरू केली. माझ्या दाराशी आणून थांबवली. मी उतरताना तो म्हणाला, "पुढच्या वेळी कुणीतरी बरं माणूस उभं करतील."

"मागच्या वेळीही तू हेच म्हणाला होतास."

"म्हणालो होतो."

पायऱ्यांवर बर्फ गोठला होता. मी दार उघडून आत जाईपर्यंत त्याने गाडीचे दिवे पायऱ्यांवर धरून ठेवले.