बंद नसलेलं भुयार

"बंद होतं हो, साडूबुवा! भुयाराला हे एवढं कुलूप!" चष्मेवाल्याने फोनवर ठोकून दिलं आणि पलंगाच्या कडेला बसून तो बुटाला लागलेला भुयारातला चिखल खरवडू लागला.

खोली टायरच्या दुकानावर होती. खालून रबराचा वास येत होता. हीटरवर ओले हातमोजे वाळत घालणारी त्याची बायको गर्रकन वळली. त्याने डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

"अरेरे! सीमा ओलांडून एवढ्या लांब गेलास आणि कुलूप?" पलीकडून साडू हळहळला.

"नशीब आपलं. तसंही बाहेरून काही खास वाटलं नाही. त्यात हा पाऊस. तुम्ही नाही आलात तेच बरं झालं."

फोन ठेवल्याठेवल्या बायकोने विचारलं, "अहो, तुम्ही दुकानात चष्मे विकता की थापा?"

"आजारी माणसाला कशाला जळवायचं?"

"मग दुपारभर आत काय करत होतात? मला वाटलं, तुम्हाला तिथेच पुरावं लागतंय."

खरंच दुपारभर तो आत होता. युद्धात डोंगर पोखरून केलेलं ते इस्पितळ. दगडात खोदलेल्या खाटा, भिंतीवर दिव्यांची काजळी, एका कोपऱ्यात कुणी जखमी शिपायाने खिळ्याने कोरलेलं घोड्याचं चित्र. तो आ वासून बघत राहिला होता. फक्त बघत. कारण वाचणारा माणूस घरी होता.

साडू छापखान्यात मुद्रितं तपासायचा. स्वल्पविराम जागेवर नसला तर त्याला घास गिळवत नसे. चष्मेवाल्याला मात्र जगाला चष्मे विकूनही पाटी वाचायचा मनापासून कंटाळा. दोघं मोटारसायकलवरून जुनी ठाणी, तोफखाने बघत हिंडायचे तेव्हा कामाची वाटणी ठरलेली असायची: साडूने मोठ्याने वाचायचं, चष्मेवाल्याने बघायचं आणि मग काय दिसलं ते साडूला सांगायचं. साडूची नजर अक्षरावरून उठायचीच नाही. "आम्ही दोघं म्हणजे एकाच दुकानात फसलेली गिऱ्हाइकं," असं साडू सासरच्यांसमोर बेधडक म्हणायचा आणि दोघी बहिणींचे टोमणे खायचा.

ही परदेशाची फेरी त्यांनी कित्येक वर्षं घोकली होती. मोटारसायकल साडूची, नकाशे साडूचे. आणि निघायच्या तोंडावर त्याचं हृदय कुरकुरलं. डॉक्टरांनी मोटारसायकलकडे बघायचीसुद्धा बंदी घातली. इस्पितळातल्या खाटेवरून त्याने किल्ली पुढे केली. "तू जा. हिला मागे बसव."

आणि चष्मेवाल्याने ती घेतली. लगेच घेतली. "छे हो, मी थांबतो, पुढच्या वर्षी बरोबर जाऊ," एवढं तोंडदेखलंसुद्धा त्याच्या तोंडून निघालं नाही. लग्नाच्या पंगतीतही माणूस दुसऱ्या वाढपाला आधी नाही म्हणतो! ते न निघालेलं वाक्य आता हेल्मेटमध्ये घोंघावत होतं. घाटात मोटारसायकल वळणावर झुकली, पोटात आनंदाची लहर उठली, की पाठोपाठ ते यायचं.

म्हणून थाप. मजा आलीच नाही असं सांगितलं, की साडूचं काही बुडालंच नाही, असा त्याचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी ते सैनिकांच्या दफनभूमीत गेले. एकसारखे पांढरे दगड, मधल्या वाटांवर झाडलोट करणारी एक बाई. संध्याकाळी त्याने साडूला सांगितलं, "दगडच दगड. पाय दुखले फक्त."

"बरं," साडू म्हणाला. नुसतं बरं. या माणसाचं वाक्य इतकं लहान कधी नसायचं.

बायकोला राहवलं नाही. नवऱ्याच्या थापेला आपला हातभार म्हणून तिने ताईला फोटो धाडला. भुयाराच्या दारासमोर दोघं उभी, मागे बंद दार. "दाराबाहेरचाच आहे ना," ती म्हणाली. "आतला थोडाच पाठवला!"

तिसऱ्या दिवशी ते मोडक्या पुलापाशी पोचले. माघार घेणाऱ्या सैन्याने उडवलेला पूल नदीच्या मध्यावर तुटून तसाच राहिला होता. चष्मेवाला हेल्मेट काढतोय तोच फोन वाजला.

"फोटो मिळाला," साडू म्हणाला. "मोठा करून बघितला. तुमच्या मागे पाटी आहे."

"असेल."

"आहे. खालच्या ओळीत आपल्याला कळेल अशा भाषेत लिहिलंय. वर्षभर रोज खुले. दार स्वतः ढकलावे."

चष्मेवाला कानकोंडा झाला. सगळं सोडून, वाचणाऱ्या माणसाला पाटी पाठवली होती!

"साडूबुवा, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"तीन दिवस तू माझ्या मोटारसायकलवर बसून रडगाणं गातोयस. मी इथे अळणी खातो, व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालतो नि फोनची वाट बघतो. आणि तू काय सांगतोस? पाय दुखले! माझे दुखायला हवे होते रे ते."

बायको कठड्यापाशी जाऊन पाण्याकडे बघत उभी राहिली. मुद्दाम लांब.

"मी 'थांबतो' म्हणायला हवं होतं," चष्मेवाला म्हणाला.

"हो."

"एकदा तरी."

"हो. का नाही म्हणालास?"

काहीही सांगता आलं असतं. गडबडीत राहिलं, तुम्हाला औषधाची गुंगी होती. जिभेवर दोन्ही थापा तयार होत्या.

"तुम्ही 'थांब' म्हणाल, अशी भीती वाटली."

 

"म्हणालो असतो," साडू म्हणाला. "किल्ली दिली खरी, पण हात मागे घ्यायला एक शब्द पुरला असता."

चष्मेवाल्याला 'जाऊ दे रे' ऐकायची सवय होती. साडू ते म्हणाला नाही. त्याने विचारलं, "पूल आला का?"

"समोरच आहे."

"मग सांग. खरं सांग."

चष्मेवाल्याने पुलाकडे बघितलं. पुलाच्या तुटल्या टोकावर घरटी होती, पक्षी आत-बाहेर करत होते. लोखंड पिळलेल्या धुण्यासारखं वळलं होतं. खाली पाणी हिरवं, इतकं स्वच्छ की तळाशी पडलेला खांब दिसत होता. तो सांगत गेला. प्रत्येक शब्द दुसऱ्याच्या ताटातून उचलून त्याच्याच समोर खाल्ल्यासारखा वाटत होता.

"सुंदर आहे," तो कसाबसा म्हणाला. "फार सुंदर आहे, साडूबुवा. मला फार मजा आली."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"हं," साडू म्हणाला. "आणखी."