बोलेरोतली बांगड्यांची पेटी

ही गोष्ट २०२२ सालची. त्या वर्षी खर्ड्यातल्या एका घरात दोन बायकांनी एकमेकींशी सरळ एक शब्द न बोलता मला तयार केलं. मी एक जुनी लाकडी पेटी आहे, मित्रांनो. बोलेरो गाडीच्या मागच्या भागात, या चाकापासून त्या चाकापर्यंत, मी घट्ट बसले आहे. मला दोन लांब खण आहेत आणि वर एक सपाट फळी. खणांत बांगड्या असतात, फळीवर माणूस मांडी घालून बसतं. माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका. मी भांडणात जन्मले आणि भांडणातच वाढले.

पेटी होण्याआधी मी पलंग होते. जयाच्या लग्नात तिच्या वडिलांनी दिलेला, डोक्याकडच्या बाजूला सनमायकाची गुलाबी फुलं असलेला. जया म्हणजे या कासार घराची सून. तिचा नवरा अजिनाथ. त्यानं प्रवासी वाहतुकीसाठी ही जुनी बोलेरो घेतली, पण त्याचं मन काही तिच्यात रमलं नाही. एके दिवशी गाडी दारात उभी करून तो चाकणला कंपनीत ड्रायव्हर म्हणून गेला आणि हळूहळू घरी फोन करायचाही थांबला. घरात उरले सासरे पुंजाराम, सासू रंगूबाई आणि जया. पुंजाराम दिवसभर पारावर बसत. घरातल्या बायकांच्या भांडणात पडायचं नाही, एवढा एकच निश्चय त्यांनी जन्मभर पाळला.

बांगड्यांचा धंदा रंगूबाईचा. ती जत्रेला, बाजाराला, लग्नघरी एसटीनं जायची, डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन. आसपासच्या गावांत तिच्यासारखा चुडा कोणी भरत नसे. पण गुडघ्यांनी दगा दिला. पाटी घेऊन एसटीची पायरी चढवेना. इकडे जया दारात धूळ खाणाऱ्या गाडीवर स्टेअरिंग शिकली. गावानं नावं ठेवली, रंगूबाईनं त्यात भर घातली. "नवरा पळाला, आता गाडी पळवती," ती येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची. पण गाडी आणि हात एकत्र आल्याशिवाय चूल पेटणार नव्हती, हे दोघींना कळत होतं. एकीला गाडी चालवता येत होती, दुसरीला बांगड्या भरता येत होत्या. दोघींनाही हीच गोष्ट सगळ्यात जास्त डाचत होती.

पहिल्या फेरीला बांगड्यांची खोकी गाडीत नुसती ठेवली आणि रस्त्याच्या खड्ड्यांनी निम्मा माल संपवला. तेव्हा जयानं मोबाईलवर बघून ठरवलं, की मागची समोरासमोरची बाकं काढायची आणि तिथं खणांची पेटी बसवायची.

नेमके ते नेमाचे दिवस होते. नाथांच्या यात्रेआधी या घरात नेम धरतात. कढईत तळण चढवायचं नाही, पलंगावर झोपायचं नाही, घरात नवं काम काढायचं नाही, भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. रंगूबाईनं दारातच, उंबऱ्याला ऐकवल्यासारखं बजावलं, की यात्रा होईपर्यंत करवतीचा आवाज घरात यायचा नाही. जयानं त्यातून वाट काढली. पलंगावर कोणी झोपणार नव्हतंच, तर तो मोडायला काय हरकत? आणि घरात काम काढायचं नाही ना, मग गाडीत काढू. गाडी काही घर नव्हे.

माझे पाय कापले गेले ते रस्त्यावर, भर उन्हात, लोक बघत असताना. जयानं बांगड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे फाडून चाकांवरच्या उंचवट्यांचे आकार उतरवून घेतले आणि त्या मापानं माझ्या कडा गोल कापल्या. बाकांचे बोल्ट जिथे होते, त्याच भोकांत माझी चौकट कसली. खणांना खाली लोखंडी चॅनेल लावले. सांध्यांत सरस भरला, वरून स्क्रू. सगळं गाडीच्या आत वाकून, गुडघ्यावर बसून. काम पूर्ण झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की मी गाडीच्या मागच्या दरवाजापेक्षा रुंद झाले आहे. मला आता अख्खं बाहेर काढता येणार नव्हतं. नेम पाळायच्या नादात अशी चूक दुसऱ्या कोणी केली नसती.

रंगूबाई उंबऱ्यात बसून सगळं बघत होती. तिनं मांजराला उद्देशून सांगितलं, "शानी लई हाय ती. पर बांगडी आडवी पडली की फुटती, एवढं बी कळत न्हाई."

जयानं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिनं खणांत पडद्याचे पाइप आडवे बसवले. बांगड्या त्यांच्यावर ओवल्या की उभ्या राहायच्या. तरी त्या किणकिणत होत्या. मग संध्याकाळी माझ्या फळीवर एक जुनी वाकळ येऊन पडली, पट्ट्यापट्ट्या कापलेली. कोणी टाकली ते कोणी बोललं नाही. जयानं त्या पट्ट्या पाइपांना गुंडाळल्या आणि किणकिण थांबली. माझ्या सगळ्या बांधणीत प्रेमाचा म्हणावा असा तेवढाच एक प्रसंग, आणि त्यावरूनही पुढे भांडण झालं, कारण ती वाकळ रंगूबाईच्या आईची होती आणि पट्ट्या जयानं उलट्या बाजूनं गुंडाळल्या होत्या.

मित्रांनो, पुढची दोन वर्षं मी राबले. खर्डा, जामखेड, जत्रा, हळदीची घरं. मागचा दरवाजा उघडला की रंगूबाई माझ्या फळीवर मांडी घालायची, समोर स्टुलावर बाई बसायची, आणि खण सरकवून जया माप काढून द्यायची. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. लोक माझं कौतुक करायचे. कोणी विचारलं, पेटी कुणी केली, की रंगूबाई म्हणायची, "झाली." बस एवढंच. वाटेत माझे खण आपोआप उघडायला लागले तेव्हा दोष मला मिळाला. जयानं कड्या लावल्या आणि पुढे चांगले चालले, तेव्हा श्रेय कड्यांना मिळालं. तरी एक सांगते, दर अमावस्येला जया माझ्या चॅनेलांना तेल घालायची. तोंडानं शिव्या घालत, पण घालायची.

आता एक रीत सांगायला हवी. बांगड्या भरून झाल्या की भरून घेणारी बाई भरणारीला वाकून नमस्कार करते. वयाचा प्रश्न नसतो. ऐंशी वर्षांची म्हातारीसुद्धा कासाराच्या पोरीपुढे हात जोडते. रंगूबाईला दुसऱ्यांचे हात भरता येत होते, पण स्वतःचा उजवा हात कोणाला भरता येतो? घरात जया होती, आणि एव्हाना बघून बघून तीही भरायला शिकली होती. तरी रंगूबाई आपल्या बांगड्या भरायला जामखेडच्या लांबच्या नात्यातल्या कासाराकडे जायची. सुनेपुढे वाकण्यापेक्षा एसटीची ती जीवघेणी पायरी तिला परवडत होती.

मग २०२४ च्या उन्हाळ्यात अजिनाथ परत आला.

खर्ड्याजवळच्या एका गावात लग्नघर होतं. नवरी निकिता माझ्यासमोर स्टुलावर बसलेली, रंगूबाई वर मांडी घालून तिचा हिरवा चुडा भरत होती. अजिनाथ एका गिऱ्हाइकाला सोबत घेऊन मोटारसायकलवरून आला. गाडीची कागदपत्रं त्याच्या नावावर होती. त्यानं गाडी विकायचं ठरवलं होतं, गिऱ्हाइकाला शब्दही दिला होता. त्यानं जयाकडे किल्ली मागितली. जयानं किल्ली पदराच्या गाठीत घट्ट धरली आणि सांगितलं, की गाडी गेली तर उद्यापासून तुझे आईबाप काय खातील ते आधी सांग. तो म्हणाला, तो तुझा प्रश्न आहे.

गिऱ्हाईक मला बघून नाराज झालं. त्याला रिकामी गाडी हवी होती. अजिनाथनं मांडववाल्याकडून करवत आणली.

"आई, उतर खाली."

"चुडा चालूय," रंगूबाई मान वर न करता म्हणाली. "नवरीचा हात अर्धा भरून उठता येत न्हाई."

आणि मग तिनं जन्मात कधी भरला नव्हता इतक्या सावकाश तो चुडा भरला. एकेक बांगडी उजेडात धरून बघायची, परत ठेवायची, दुसरी मागायची. नवरीचा झाला, तशी करवलीला बोलावलं. मग मावशीला. अजिनाथ तापत चालला होता. त्यानं माझ्या उजव्या कोपऱ्यावर करवत टेकवली आणि ओढली. तो व्रण अजून माझ्या अंगावर आहे. कापणाऱ्याला माझी कीव आली असेल असं मला वाटत नाही. लहानपणापासून तो याच आईच्या कमाईवर वाढला होता, आणि लग्नानंतर याच पलंगावर झोपला होता.

रंगूबाई उठेना, तेव्हा त्यानं तिचं मनगट धरून तिला खाली ओढलं. तिच्या दोन्ही हातांतल्या बांगड्या माझ्या कडेवर आपटल्या आणि काचा फळीभर पसरल्या.

मांडवातल्या बायका गोळा झाल्या. नवरीची आजी आक्काबाई, पांढऱ्या केसांची, काठी टेकत पुढे आली. तिनं अजिनाथकडे बघितलंसुद्धा नाही. नवरा जिवंत असलेली बाई लग्नाच्या मांडवात मोकळ्या हातांनी राहायची नाही, असं तिनं सांगितलं. आधी हिचे हात भरा, बाकीचं मागून.

भरणार कोण? तिथं एकच होती.

जयानं हात धुतले, काचा पदरानं बाजूला केल्या आणि पहिल्यांदाच माझ्या फळीवर चढून बसली. रंगूबाई खाली स्टुलावर. म्हातारीचा हात कष्टानं कडक झालेला, अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढे आलेलं. पहिली बांगडी तिथंच अडकून फुटली. भरताना फुटली तर नुकसान भरणारीचं, हाही रीतीचाच भाग. जयानं दुसरी घेतली.

"दाब अजून," रंगूबाई म्हणाली. "हाड मोडलं तरी चालंल."

"हात ढिला सोडा, आत्या. जन्मात एकदा तरी ढिला सोडा."

बायकांत कोणीतरी हसू दाबलं. रंगूबाईनं सुनेकडे असं बघितलं, की माझ्या सांध्यांतला सरस वितळावा. पण हात सोडला. बांगडी सरकली. मग दुसरी, तिसरी. दोन्ही हात भरले.

आता सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. आक्काबाई म्हणाली, "रीत हाय, रंगू."

रंगूबाई उभी राहिली. जयाच्या पायांशी, माझ्या फळीवर, तिनं कपाळ टेकवलं. वर आली तेव्हा तिच्या कपाळाला लाकडाचा भुसा चिकटला होता, अजिनाथच्या करवतीचा. ती तशीच त्याच्याकडे वळली.

"बघितलंस? आता धंदा हिचा. गाडी तुज्या नावाची हाय, तर घिऊन जा. पेटी आमची हाय, ती हितं ठिव. फळीला धक्का न लावता काढ, आन् खुशाल जा."

न कापता तो मला बाहेर काढू शकत नव्हता. कोणीच काढू शकत नव्हतं. मांडवातल्या माणसांनी त्याच्या हातातली करवत काढून घेतली, अगदी शांतपणे. गिऱ्हाइकानं मोटारसायकल सुरू केली, तेव्हा अजिनाथला मागं बसण्यावाचून दुसरा रस्ता उरला नाही.

तुम्हाला वाटेल, की परतीच्या वाटेवर सासू-सुना गळ्यात पडल्या. नाही पडल्या. गाडी खर्ड्याच्या रस्त्याला लागली. मग रंगूबाई समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, "म्या पेटीला नमस्कार केला. कुनाला बी न्हाई."

जयानं गिअर बदलला. "पेटी मीच केलीय, आत्या."

रंगूबाईनं नव्या बांगड्या मनगटावर सारख्या केल्या. त्यातली एकही तिनं काढली नाही, हीच मला मोठी गोष्ट वाटली.

पुढे काय झालं ते सांगते. अजिनाथनं वर्षभरानं गाडी जयाच्या नावावर करून दिली. पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे, माझ्यासकट गाडी कोणी घेईना म्हणून. तो चाकणलाच आहे, त्यानं तिथं दुसरा संसार मांडला आहे असं ऐकते. निकिताला मुलगी झाली. तिच्या बारशाला चिमुकले काळे मणी आणि बांगड्या माझ्याच खणातून गेल्या. आक्काबाई लग्नाच्याच वर्षी पावसाळ्यात वारली. पुंजाराम अजून पारावर बसतात. झाला प्रकार त्यांना दुसऱ्यांकडून कळला आणि त्यावर त्यांनी चहा मागितला. जयानं जामखेडात दुकान घेतलं आहे. दोन पोरी हाताखाली शिकतात, त्यांना ती रंगूबाईच्याच भाषेत शिव्या घालते. बोलेरोचं इंजिन गेलं, म्हणून गाडी दुकानामागं उभी आहे आणि तिच्यात मी. पावसाचं पाणी झिरपून माझी खालची पट्टी फुगली आहे. डावा खण अडकतो.

रंगूबाई आता फार चालत नाही. पण बाजारच्या दिवशी येते, गाडीत चढते, माझ्या फळीवर बसून जुन्या गिऱ्हाइकांचे हात भरते. खण अडकला की लाथ घालते, सुनेच्या नावानं ओरडते. मग जया तेलाची कुपी घेऊन येते, तोंड वाकडं करून चॅनेलांत थेंब सोडते, आणि खण सरकतो.

मित्रांनो, वस्तूवर प्रेम करा असं मी तुम्हाला सांगणार नाही. आमच्या घरात प्रेमानं कोणी कोणाला काही दिलं नाही. ज्याच्यावर तुमचं पोट भरतं, त्याला वेळच्या वेळी तेल घाला, पाण्यापासून जपा, त्याच्यावर करवत चालवू नका. शिव्या घालत केलंत तरी चालेल.