आमच्याकडे झुरळं नाहीत

आमच्या घरात झुरळ हा शब्द काढायलाही बंदी होती. सासूबाईंच्या स्वयंपाकघराला नावं ठेवायला जागाच नाही. दिवसातून किती वेळा ओटा पुसतात ते त्यांनाही सांगता येणार नाही. झुरळं गलिच्छ माणसांकडे होतात हे त्यांचं ठाम मत, आणि ते त्यांनी शेजारणीला तोंडावर ऐकवलेलं. त्यामुळे सिंकखालच्या कपाटात मला झुरळं दिसली, तेव्हा मी फक्त नवऱ्याच्या कानात सांगितलं. तो म्हणाला, "आईला कळू देऊ नकोस. खचेल ती." झाकली मूठ सव्वा लाखाची!

पण मी घरातच पाळणाघर चालवते. एका संध्याकाळी तिथल्या चिमणी नावाच्या मुलीची आई तिला न्यायला आली आणि नेमकं तेव्हाच एक झुरळ दुधाच्या बाटल्यांकडे निघालं. तिने पाहिलं. दाराबाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, "महिनाअखेरीला येऊन स्वयंपाकघर नीट बघते, मग ठरवते." चिमणी गेली की बाकीची पोरंही जाणार, आया एकमेकींशी बोलतातच. आणि माझा सगळा जीव या पाळणाघरात.

सासूबाई डोळे तपासायला गेल्या, तेवढ्यात झुरळांच्या औषधवाल्याला बोलावून घेतलं. त्याने फवारा मारलाच नाही. बिजागऱ्यांमागे, फटींमध्ये, खणांच्या कोपऱ्यांत तपकिरी मलमाचे बारीक ठिपके लावले. झुरळं ते खातात आणि मरतात. "पुसू मात्र नका, आणि तिथे फिनेलही नको," एवढं बजावून तो गेला.

झुरळं काही मरेनात. उलट धीट झाली. मी औषधवाल्याला फोनवर नको नको ते बोलले. आणि मग एका सकाळी पाहते तर काय, सासूबाई स्टुलावर चढून, नवा चष्मा लावून बिजागरीमागे फडकं फिरवताहेत. हाताशी फिनेलची बाटली.

"अगं, चष्मा लागला आणि घाण दिसायला लागली बघ! सगळीकडे चिकट डाग. रोज पुसतेय, तरी कुठे ना कुठे सापडतातच."

हसावं की रडावं कळेना. आमचे पहिले पाढे पंचावन्न! शेवटी त्यांना खाली बसवलं आणि सगळं सांगून टाकलं.

फडक्याची घडी घालत त्या म्हणाल्या, "म्हणजे मी गलिच्छ, असंच ना?"

"नाही हो आई. पाइपातून येतात ती, ओलीला येतात. स्वच्छ घरातही होतात."

"मग माझ्यापासून का लपवलंत?"

फार वाईट वाटलं मला.

औषधवाला पुन्हा आला, तेव्हा टॉर्च सासूबाईंनीच धरला. त्यानंतर त्यांची खरी परीक्षा सुरू झाली, ती म्हणजे हात बांधून बसणं. फडक्याकडे हात जायचा आणि निमूट परत यायचा. झुरळं मात्र आता भरदिवसा बाहेर येऊन मरत होती.

महिनाअखेरीला चिमणीची आई लेकीला कडेवर घेऊन आली, तेव्हा ओट्याखाली एक उताणं पडून पाय हलवत होतं. मी लगबगीने मध्ये येऊन उभी राहिले. 'खिडकीतून आलं असेल,' ही थाप ओठांवर तयारच होती.

सासूबाईंनी मला बाजूला केलं. "आमच्याकडे झुरळं आहेत," त्या म्हणाल्या. "औषध लावलंय, मरताहेत. पोरांना इकडे येऊ देत नाही, बाटल्या उकळून डब्यात बंद ठेवते. तरी पटत नसेल तर पोरीला घेऊन जा. आमचा राग नाही."

संपलं सगळं, असं वाटून मी डोळेच मिटले. पण त्याच वेळी सासूबाईंचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

चिमणीच्या आईने एकदा दाराकडे पाहिलं आणि कुजबुजली, "आजी, आमच्याकडेही आहेत. त्या माणसाचा नंबर द्याल?"

"देते की. पण एवढं हळू का बोलतेस?"

"माझ्या सासूबाई खाली गाडीत बसल्यात. त्यांना माहीत नाही."

सासूबाईंनी चिमणीला तिच्या कडेवरून आपल्याकडे घेतलं.

"आजच सांग त्यांना," त्या म्हणाल्या. "झुरळांचं काही नाही गं. आपल्यापासून लपवलं, ते फार लागतं."